मिस्टर गेणूचं पत्र

"मॅडम, वरून इस्त्री फिरवली तर निघंल का हो ते?"

फोनवरचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. नाव नाही, गाव नाही, थेट इस्त्री.

"काय निघेल?" मी विचारलं.

"प्लास्टिक. कागदाला लॅमिनेशन केलेलं हाय. शेजारचा म्हणतो, गरम करून चिकटवलंय तर गरम करूनच सुटंल."

"इस्त्री आत्ता कुठे आहे?"

"हातात."

"आधी बटण बंद करा. केलं? आता बोला."

अशी आमची ओळख झाली. ते दामोदर खरात. वय ऐंशीच्या पुढे. शहरात चाळीस वर्षं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान चालवलेलं. माझा नंबर त्यांना मुलीच्या डायरीत मिळाला होता. मुलीने मला फोन करायच्या आधी आपणच काम उरकून टाकावं, म्हणजे तिचा राग निवेल, असा त्यांचा बेत होता.

मी कागद दुरुस्त करते. सरकारी दफ्तरखान्यात तीसेक वर्षं तेच केलं आणि निवृत्त झाल्यावर पडेगावच्या घरी मागच्या खोलीत तेच करते. फाटलेला कागद जोडायचा, वाळवीने खाल्लेली भोकं भरायची, ओल लागून एकमेकांना चिकटलेली पानं सोडवायची. याला कॉन्झर्व्हेशन म्हणतात. गल्लीतले लोक मला कागदवाल्या मॅडम म्हणतात आणि आमचे हे रद्दीवाली म्हणतात.

लॅमिनेशन हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. कागद दोन प्लास्टिकच्या मध्ये ठेवून गरम रोलरमधून काढतात. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला गोंद असतो. तो वितळून कागदाच्या धाग्यांत शिरतो आणि गार झाला की तिथेच घट्ट बसतो. कागद वरून चकचकीत दिसतो, पण आत तो कोंडलेला असतो. पुढे पिवळा पडतो, ठिसूळ होतो. जे परत उलटवता येणार नाही ते कागदाला करायचं नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य आहे. लॅमिनेशनवाल्याने ते ऐकलेलं नसतं.

त्यामुळे मी फोनवरच तोंडाचा पट्टा सोडला. "शंभर वर्षांचा कागद म्हणता आणि झेरॉक्सच्या दुकानात नेता? कोणी केला हा उद्योग?"

"म्या केला," ते म्हणाले.

उद्या घेऊन या, एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक आले. मुलगी संघमित्रा, पन्नाशीच्या आसपासची, कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिने फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि जे बोलायचं ते माझ्याशी बोलली. दामोदरकाका दाराजवळच उभे होते. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, खिशाला पेन. हातात पिशवी होती, ती त्यांनी हळूच आमच्या ह्यांच्याकडे दिली. "पिशोरची अद्रक हाय. भावाच्या शेतातली," असं पुटपुटले.

मी पत्र बघितलं. लहान आकाराचा एक कागद. अकरा ओळी, इंग्रजीत, पेन्सिलने लिहिलेल्या. अक्षर उभट, स्वच्छ, घाईचं. खाली जांभळ्या शाईची सही. सगळं प्लास्टिकमध्ये बंद. सहीजवळच्या कोपऱ्यात हवेचा फुगवटा आणि त्याच्या कडेने कागद चहाच्या रंगाचा झालेला.

"कुणाचं आहे?" मी विचारलं.

संघमित्राने नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, कारण घरच्यांची तशी इच्छा आहे. लोक बघायला येतात, मग फोटो काढतात, मग कागद हातात मागतात. एवढं सांगते, की एकोणिसाव्या शतकातला हा संशोधक शाळेच्या पुस्तकात असतो आणि आवाज साठवून ठेवणारं यंत्र त्याच्या नावावर आहे.

मी हसले. हसायला नको होतं, पण आमच्या शहरात हे रोजचं आहे. कुणाकडे बादशहाच्या हातची टोपी असते, कुणाकडे निजामाचा हुक्का. तपासायला गेलं की टोपीवर शिलाई मशीनचे टाके निघतात.

संघमित्रा हसली नाही. तिने मोबाइल पुढे केला. परदेशातल्या ज्या संग्रहात या संशोधकाचे कागद ठेवलेत, तिथे तिने पत्राचा फोटो पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं होतं. अक्षर जुळतं आहे असं वाटतं, पण प्लास्टिकच्या चकाकीमुळे सही नीट दिसत नाही, स्पष्ट फोटो पाठवा. आणि शेवटी एक ओळ, की कागद प्लास्टिकमधून लवकर सोडवला नाही तर तो टिकणार नाही.

"ही ओळ वाचल्यापासून मी बाबांशी बोलत नाही," ती म्हणाली. बाबांच्या समोरच.

मी काकांना खुर्ची दिली. अस्सल की नक्कल हे सांगणं माझं काम नाही. पण कागद कुठून कुठे फिरला ते मी नेहमी विचारते, कारण कागद कुठे राहिला त्यावर तो कसा बिघडला ते ठरतं. म्हणून म्हटलं, "काका, हे तुमच्या घरात आलं कसं?"

काका बसले आणि मग गाडी सुरू झाली.

"आमचा आजा गेणू. छावणीत एका साहेबाच्या बंगल्यावर झाडलोटीला व्हता. साहेबाकडं ते बोलायचं यंत्र. त्याला तवा तबकडी नव्हती, मेणाची नळकांडी असायची. आवाज त्या मेणावर कोरलेला. आता इथला उन्हाळा तुम्हाला काय सांगावा. नळकांडी मऊ पडायची, आन् बाई गात असंल तर बाप्या गातोय असं वाटायचं. साहेब लई वैतागला. मग आज्यानं मोठ्या माठात ओली वाळू भरली. त्यात लहान माठ बसवला. त्या लहान माठात नळकांडी, कोरड्या फडक्यात गुंडाळून. वरून झाकण. साऱ्या उन्हाळ्यात एक नाय बिघडलं."

"बंगल्यावर माठाला हात लावू देत होते आज्यांना?"

"त्या माठातलं पाणी कोण प्यालं नसतं मॅडम. पण नळकांड्यांनी काय खळखळ केली नाय."

हे ते इतक्या सरळ चेहऱ्याने म्हणाले, की हसावं की नाही मला कळेना. संघमित्रा खिडकीबाहेर बघत होती, पण तिच्या ओठाचा कोपरा हलला.

तर साहेबाने ही युक्ती त्या संशोधकाला पत्राने कळवली आणि त्याचं हे उत्तर आलं. तेव्हा तो म्हातारा झाला होता. पत्रात यंत्राबद्दल चार गोष्टी आहेत आणि सातव्या ओळीत असं आहे, की मिस्टर गेणू यांची युक्ती शहाणपणाची आहे, त्यांना माझ्यातर्फे तसं सांगावं.

काकांनी प्लास्टिकवरून बोट फिरवलं, बरोबर सातव्या ओळीवर.

"बंगल्यावर त्याला गेण्या म्हणायचे. गावात तर नावाच्या आधी जात. त्या माणसाला इथलं काय म्हाईत? त्यानं सरळ मिस्टर लिहिलं. साहेब जाताना हे पत्र आज्याच्या हातात देऊन गेला आन् ही ओळ वाचून दाखवली. आज्याला वाचता येत नव्हतं, पण ओळ पक्की ध्यानात. म्या शाळंत एबीसीडी शिकलो तवा मला वाचायला लावली. वाचली. आजा म्हणला, बराबर हाय, साहेबबी असंच म्हणला व्हता."

मग मी विचारायचं ते विचारलं. "मग लॅमिनेशन कशाला केलंत काका?"

"ट्रंकेला वाळवी लागली मॅडम. खालचा एक कपडा खाल्ला. म्या घाबरलो. सगळे कागद काढले. हिची टीसी, मार्कशीटा, जातीचा दाखला, माझी सनद, आन् हे. आमचं सगळं कागदावर उभं हाय. एक कागद गेला तर पोरांचं वर्ष गेलेलं म्या पाह्यलंय. दुकानात रांग होती, सगळेच करत होते. म्हणलं, सगळ्यात भारी कागद हाच, याला जाड प्लास्टिक मारा."

"मी नांदेडला होते तेव्हा," संघमित्रा मला म्हणाली. "बाबांनी एक फोन केला असता तर?"

काकांनी खिशाचं पेन उगाच सारखं केलं.

मी दोघांना स्पष्ट सांगितलं. प्रयत्न करते. पण पेन्सिलची रेघ म्हणजे कागदावर बसलेली ग्रॅफाइटची पूड असते. गोंद सुटताना ती कागदावर राहील की प्लास्टिकवर जाईल, हे सुटेपर्यंत कळत नाही. कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात हे पत्र ठेवायचं संघमित्राने कबूल केलं होतं आणि तिला सही हवी होती, कारण सहीशिवाय कोणी विश्वास ठेवणार नाही. काकांना सातवी ओळ हवी होती. निघताना ते मागे वळले आणि म्हणाले, "बाकी गेलं तर गेलं मॅडम. पण ती ओळ माझ्या हातानं पुसली असं नको व्हायला."

आमच्या कामात पहिले दोन दिवस हात न लावण्याचे असतात. सगळ्या बाजूंनी फोटो काढले. भिंगाखाली ओळ न् ओळ बघितली. मग चाचणी. कापसाच्या बारीक बोळ्यावर सॉल्व्हंटचा, म्हणजे गोंद विरघळवणाऱ्या द्रावणाचा, एक थेंब घ्यायचा आणि फुगवट्यापाशी प्लास्टिकला बारीक चीर देऊन आत सरकवायचा आणि अक्षराच्या टोकाला नुसता टेकवायचा. पेन्सिलजवळ टेकवला, बोळा पांढराच राहिला. सहीच्या शेपटीला टेकवला, बोळा जांभळा झाला. म्हणजे जे द्रावण गोंद सोडवतं, तेच ती शाईही विरघळवतं. मी डोकं धरून बसले. आमचे हे चहा घेऊन आले होते, ते कप ठेवून आल्या पावली परत गेले.

सही बाजूला ठेवून बाकीच्याला सुरुवात केली. आधी मागची बाजू, कारण तिथे काही लिहिलेलं नव्हतं. कागदाला झाकणाच्या ट्रेमध्ये द्रावणाची वाफ द्यायची, गोंद मऊ झाला की बोथट पात्याने कडेने उचलायचं, आणि प्लास्टिक सरळ वर न ओढता मागे दुमडत दुमडत न्यायचं. एक वीत जायला एक सकाळ लागते. एग्झॉस्ट फॅन लावूनही वास येतोच. शेजारच्या भाभी भिंतीवरून ओरडल्या, "क्या पका रहे जी?"

मागची बाजू सुरेख सुटली. सुरेख सुटली की माणूस माजतो. मी पुढची बाजू वरून सुरू केली, वाफ थोडी कमी दिली आणि घाई केली. प्लास्टिक उचललं तर त्याच्यावर उलट्या अक्षरात एक शब्द. पहिल्या ओळीतला ‘डिअर’. कागदावर त्याची नुसती सावली राहिली होती.

तीस वर्षांच्या अनुभवाची बाई मी, आणि ही चूक. दुसऱ्याच्या घरातला कागद होता. मी काम थांबवलं, सगळं झाकलं आणि काकांना फोन केला. गोड बोलून सांगणं मला जमत नाही. "काका, माझ्या हातून एक शब्द गेला," म्हटलं.

काकांनी लगेच विचारलं, "कुठला?"

"पहिलाच. साहेबाला उद्देशून ‘डिअर’ आहे तो."

"साहेबाचा?" काका म्हणाले. "जाऊ द्या. साहेब काय आमचा लागत नव्हता."

त्या माणसाने मला असं सहज सोडून दिलं. फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसून थोडी रडले, मग हात धुतले आणि जेवले. त्या दिवशी परत कागदाजवळ गेले नाही.

पुढचे दिवस मी मुंगीच्या पावलाने गेले. दुप्पट वाफ, अर्धा वेग. सातव्या ओळीला मी आमच्या ह्यांना दिवा धरायला बसवलं. ते एरवी कागदांच्या खोलीत येत नाहीत. त्या दिवशी अडीच तास हलले नाहीत. प्लास्टिक दुमडत गेलं तसं एकेक अक्षर कागदावर राहिलं. ‘मिस्टर’ राहिलं, ‘गेणू’ राहिलं, ओळ संपली तिथला पूर्णविरामसुद्धा राहिला. ह्यांनी दिवा खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं रद्दीवाली."

आता फक्त सही उरली होती. मी दोन दिवस वेगवेगळी द्रावणं करून बघितली. सौम्य घेतलं तर शाई जागच्या जागी, पण गोंद ढिम्म हलत नाही. जरा कडक केलं की बोळा जांभळा. शेवटी मी बापलेकींना बोलावलं.

काका सातवी ओळ बघायला वाकले. आता मध्ये प्लास्टिक नव्हतं. त्यांनी हात मागे बांधून घेतले, म्हणजे चुकूनही लागायला नको. किती वेळ वाकून उभे होते.

मी सहीची अडचण सांगितली. संघमित्राने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, प्लास्टिक ओढून काढलं तर?"

"निघेल. शाई कागदावर राहील की प्लास्टिकवर जाईल, मला सांगता येत नाही."

"पण तिथे प्लास्टिक ठेवून प्रदर्शनात कसं मांडू? लोक हसतील. सहीच झाकलेली!"

"संघा," काका म्हणाले, "जिथं कळत नाय तिथं हात आवरायचा. रेडिओत म्या हेच करायचो."

ती त्यांच्याकडे वळली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली ती अशी: "हे तुम्ही सांगताय बाबा? तुम्ही?"

काकांचा चेहरा एकदम लहान झाला. मला ते बघवेना. मी जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं, आमच्या ह्यांनासुद्धा नाही, ते तोंडातून निघून गेलं.

"संघमित्रा, खाली बसा. आधी माझं ऐका."

मी सांगितलं. मी नोकरीला लागले तेव्हा दफ्तरखान्यात जुने कागद टिकवायची एक पद्धत होती. कागदाच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक फॉइल ठेवायचं, त्यावर पातळ टिश्यू, आणि वरून द्रावणाचा कापूस फिरवायचा. फॉइल विरघळून कागदात बसायचं. तिलाही लॅमिनेशनच म्हणत. दुकानातलं नव्हे, शास्त्रीय. पुस्तकात तेच होतं, ट्रेनिंगमध्ये तेच शिकवलं, परीक्षेतही तोच प्रश्न. कोणी किती कागद केले याचा तक्ता भिंतीवर लागायचा आणि माझं नाव बहुतेक वेळा वर असायचं. मला त्याचा अभिमान होता. साहेब पाहुण्यांना माझं टेबल दाखवायला आणायचे.

पुढे कितीतरी वर्षांनी एक गठ्ठा उघडला तर लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास आला. फॉइल आतल्या आत कुजत होतं आणि त्याचं आम्ल कागदात उतरत होतं. त्या गठ्ठ्यावर माझी बारीक सही होती. मग मी दुसरा उघडला, तिसरा उघडला. तोवर पद्धत बदलली होती. जुन्या कामाबद्दल कोणी काही विचारलं नाही, मीही बोलले नाही. काही गठ्ठे सोडवले, बाकीचे तसेच ठेवून निवृत्त झाले.

"तुमच्या बाबांनी एका कागदाला केलं, वाळवीच्या भीतीने," मी म्हटलं. "मी हजारो कागदांना केलं. शिकून सवरून, पगार घेऊन. आणि फोनवर यांना वर तोंड करून विचारलं, कोणी केला हा उद्योग."

काकांनी विचारलं, "मग तुम्हाला कोण रागावलं?"

"कोणीच नाही."

"हे लई वाईट," काका म्हणाले. "मला तरी ही हाय."

संघमित्राने डोळ्यांना पदर लावला. मी तिच्यासाठी पाणी आणायला उठले, कारण मलाही उठायचंच होतं.

परत आले तर बाप आणि लेक दोघंही टेबलावर वाकले होते आणि ती त्यांना विचारत होती, "बाबा, तुम्हाला काय वाटतं?" काका म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तेवढं. उद्या कुणाला तरी नवी दवा सापडंल." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "राहू द्या मॅडम."

मग मी सहीच्या चारी बाजूंनी प्लास्टिकवर पात्याची हलकी रेघ मारली आणि तिथपर्यंतचं सगळं काढलं. सहीवर दोन बोटांएवढा चौकोन राहिला. काकांनी मारलेलं जाड प्लास्टिक, तेवढंच. दिवे दोन्ही बाजूंनी तिरपे लावून चकाकी घालवली आणि सहीचे फोटो काढले. ते संघमित्राने परदेशात पाठवले.

उत्तर आलं तेव्हा दोघं परत आले. फोनवर सांगून न टाकता दोघं मिळून आले, याचाच मला आनंद झाला. सही जुळली होती. शिवाय त्या लोकांनी आपल्या संग्रहात शोधून साहेबाचं मूळ पत्र काढलं होतं. त्यात माठांची सगळी हकीकत होती. संघमित्राने मोबाइलवर ते दाखवलं. साहेबाने लिहिलं होतं, ‘माझा झाडूवाला गेणू’.

काकांनी ते दोनदा वाचलं. "म्हंजे मिस्टर साहेबानं नव्हतं लिहिलं."

"नाही बाबा. ते या संशोधकाने स्वतःच्या मनाने लिहिलं."

काकांनी खिशातला रुमाल काढला आणि चष्मा पुसला. मग चष्मा न लावताच बसून राहिले.

पत्र प्रदर्शनात गेलं. काचेच्या पेटीत, सहीवरच्या चौकोनासकट. येणारा प्रत्येक जण त्या चौकोनाबद्दल विचारायचा आणि संघमित्रा सांगायची. लोक हसले नाहीत. बरेच जण घरी जाऊन आपल्या ट्रंका उघडणार, असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

तुमच्याकडे जुना कागद असेल तर लॅमिनेशन करू नका. चांगला फोटो काढा, झेरॉक्स काढा, ती झेरॉक्स हवी तितकी लॅमिनेट करा. मूळ कागद साध्या कागदाच्या पाकिटात, कोरड्या जागी, आडवा ठेवा. आणि आधीच लॅमिनेशन करून बसला असाल तर इस्त्रीला हात लावू नका.

आता शेवटचं. काम संपलं की आम्ही एक अहवाल लिहितो आणि तो कागदाबरोबर कायमचा ठेवतो, म्हणजे पुढे जो कोणी ते काम हातात घेईल त्याला आधी काय काय झालं ते कळावं. ‘डिअर’ माझ्या हातून गेला, हे मी त्यात लिहिलं. एक रकाना असतो, पूर्वी झालेली हाताळणी. त्यात लिहिलं, गरम लॅमिनेशन. पुढचा रकाना, कोणी केली. मी थांबले. काका म्हणाले, "लिवा की माझं नाव. लपवायचं काय त्यात." लिहिलं. त्याच्या पुढे आणखी एक रकाना असतो, ‘कारण’. तो आम्ही नेहमी रिकामाच सोडतो. माझ्या नोकरीत तो मी एकदाही भरलेला नाही.

मी अहवाल सहीसाठी संघमित्राकडे दिला. तिने तो पूर्ण वाचला. मग पेन उघडलं आणि सही करायच्या आधी त्या रिकाम्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘पत्र नष्ट होऊ नये म्हणून.’

काकांनी ते वाचलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी नुसतं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गेल्या महिन्यात मी जुन्या ऑफिसात अर्ज दिला. मी केलेल्या गठ्ठ्यांची यादी करायची परवानगी मागितली. तिथला नवा अधिकारी तरुण आहे. "मॅडम, निवृत्तीनंतर हे कशाला?" म्हणाला. परवानगी मात्र दिली. आता आठवड्यातून दोन सकाळी जाते. एकेक गठ्ठा उघडते, वास घेते, नोंद करते. ‘कोणी केली’, तिथे माझं नाव लिहिते. त्याच्या पुढचा रकानाही आता मी भरते.